अर्धा स्पंज

“हा धुतला कुणी?” सिद्धूनं विचारलं, आणि वीरधवलच्या तोंडून विचार करायच्या आतच निघून गेलं, “आमच्याकडच्या बाईंनी.”

निघून गेलं ते गेलं. बरं, समोरचा माणूस काही पोलीस नव्हता, नात्यातला नव्हता, सोसायटीचा चेअरमनही नव्हता. सांगलीच्या एका अरुंद दुकानात रंगीत मासे विकणारा, मिरजेकडचा हेल काढून बोलणारा तिशीतला गडी. त्याला ना कामाला येणाऱ्या रंगुबाई ठाऊक, ना वीरधवल. त्याच्यापुढं खरं बोलायला काही किंमत पडत नव्हती. ‘मी धुतला’ म्हटलं असतं तर तो फार तर हसला असता. तरी जीभ आपली आपण त्याच वाटेनं गेली, आठ दिवस तिला तेच वळण लागलं होतं. काउंटरवर घरून पिशवीत घालून आणलेला जुना फिल्टर पडला होता, बादलीएवढा काळा डबा, त्याची मोटर, आणि आतले तीन स्पंज. सिद्धूनं एक स्पंज उचलून उजेडात धरला, नाकाला लावला. स्पंज पांढराशुभ्र होता. वासही होता त्याला, मंद, लिंबाचा. “लय स्वच्छ धुतलाय बघा,” सिद्धू म्हणाला. “साबण लावलाय, ब्रश मारलाय, उन्हात पण घातलेला दिसतोय. साहेब, बाईनं मासे न्हाई मारले, हे मारलं. ह्यातला काळा गाळ म्हंजे घाण न्हवं. जिवंत असतंय ते. माशांच्या घाणीतनं पाण्यात विष सुटतंय, ते विष खाऊन टाकणारं बारीक बारीक काय काय ह्यातच वस्तीला असतंय. ते गेलं की टाकी नुसती पाण्यानं भरलेली पेटी.” वीरधवल ‘हं’ म्हणाला. “कुणी सांगितलं न्हवतं का बाईला?” सिद्धूनं सहज विचारलं, आणि वीरधवल भिंतीवरच्या खोक्यांकडे बघत राहिला.

सांगितलं होतं. सगळं सांगितलं होतं, पण कुणी कुणाला, तेवढंच उलटं होतं. वीरधवलच्या हॉलमध्ये पाच फुटी टाकी येऊन सात महिने झाले होते. टाकी त्याच्या धाकट्या भावाची, ऋषिराजची. तो लष्करात, पुण्याहून त्याची बदली आसामात झाली तेव्हा बायकोला तो घेऊन गेला, टाकी मात्र टेम्पोत घालून थोरल्याकडं पाठवली. स्वतः चार दिवस राहून लावून दिली. अकरा रुपेरी मासे, चकत्यांसारखे गोल चपटे, आणि एक ऑस्कर. हा ऑस्कर म्हणजे तळहातापेक्षा मोठा, काळा, अंगावर निखाऱ्यासारखे डाग, वय वर्षं आठ. पलटणीत त्याला सगळे ‘सुभेदार’ म्हणत. तो माणूस ओळखायचा. वीरधवल समोर आला तर ढिम्म, रंगुबाई आल्या की मात्र काचेशी येऊन तोंड उघडायचा, आणि रंगुबाई फरशी पुसून झाली की हात तीनदा धुऊन, पदराला पुसून, दोन बोटांत दाणे धरून त्याला भरवायच्या. आता अकरातले सात रुपेरी गेले होते. उरलेले पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते, आणि सुभेदार तळाला एका कुशीवर पडून होता. काल फिल्टरच बंद पडला. धुताना मोटरीतल्या दांडीला चीर गेली होती, ती शेवटी तुटली. ऋषिराज दर रविवारी फोन करायचा. गेल्या रविवारी ‘दादा, सुभेदार दाखव की’ म्हणाला तेव्हा वीरधवलनं रेंज नाही म्हणून फोन कट केला होता, आणि आज परत रविवार होता.

“टाकी केवढी?” सिद्धूनं विचारलं. वीरधवलनं सांगितलं, पाच बाय दोन बाय दोन. सिद्धूनं बोटांवर हिशेब केला. “साडेपाचशे लिटर धरा. मग काठावर अडकवायचं हे छोटं न्हाई चालणार. आतलं, पाण्यात बुडवायचं, हे बी न्हाई. ऑस्कर हाय म्हंजे घाण लय. डबाच लागणार.” त्यानं तीन खोकी काढून ओळीनं मांडली. वीरधवलनं सवयीनं खोक्यावरचे आकडे वाचले, ताशी किती लिटर, मोटर किती वॅट. यंत्र म्हटलं की त्याला बरं वाटायचं, यंत्राला विचारलेल्या प्रश्नाला सरळ उत्तर असतं. मार्केट यार्डाजवळच्या हळद पॉलिश करायच्या कारखान्यात पंचवीस वर्षं देखभाल त्याच्याकडं होती, हळद घोळवणाऱ्या पिंपांच्या नुसत्या आवाजावरून बेअरिंग कुठलं गेलंय ते तो सांगायचा. पण सिद्धूनं आकड्यांवर हात ठेवला. “पाणी किती जोरात फेकतंय ते बघू नका साहेब. आत जागा किती हाय ते बघा. जितकी जागा, तितकी वस्ती. आणि एक मोठा घेण्यापेक्षा दोन मध्यम घ्या. कधी एक उघडायची वेळ आली तर दुसऱ्यातलं जितं राहतंय.” वीरधवल दोन मध्यम डब्यांकडं बघत राहिला. हे एवढं शहाणपण दोन आठवड्यांपूर्वी आपल्या घरात, आपल्या हॉलमध्ये, आपल्याला मिळालं होतं आणि आपण हसलो होतो, हे त्याला आठवायचं नव्हतं, म्हणून तो डब्याची झाकणं उघडून बघू लागला.

खंडेनवमी. त्याचे वडील जोतीराम कोयनेच्या वीजघरात होते, आणि कोयनानगरच्या वसाहतीत वाढलेल्या पोराला दसऱ्यापेक्षा आदला दिवस मोठा. त्या दिवशी वडील पहाटे आंघोळ करून जायचे, यंत्रं धुऊन पुसून लखलखीत करायचे, पितळेच्या भागांना चिंचेनं घासायचे, मग हळदकुंकू, झेंडूच्या माळा, नारळ. वर्षातून एकदा घरच्यांना आत जाऊ देत. त्या अजस्र, हसतमुख दिसणाऱ्या यंत्रांसमोर वडील हात जोडून उभे राहायचे आणि म्हणायचे, “हे खातंय म्हणून आपण खातोय. ह्याला कळकट ठेवायचं न्हाई.” ते वाक्य वीरधवलच्या हाडीमासी खिळलं होतं. यंदाही सकाळी कारखान्यातली पिंपं धुतली, मग घरी येऊन स्कूटर, मिक्सर, शिलाईचं मशीन, गच्चीवरची पाण्याची मोटर. सगळ्यांना हळदकुंकू लावून झाल्यावर त्याची नजर टाकीखालच्या कपाटात गेली. तो डबा कधी धुतलेलाच नव्हता. उघडला तर आत काळा चिकट गाळ, चिखलाचा वास. त्याला भावाची लाजच वाटली. लष्करातला माणूस, बूट आरशासारखे करणारा, आणि यंत्राची ही दशा. रंगुबाई उंबऱ्याशी बसून झेंडूची माळ ओवत होत्या. त्यांनी मान वर केली. “दादा, त्ये नगा धुऊ,” त्या म्हणाल्या. “धाकल्या दादांनी सांगितलंय, कळकटच ऱ्हाऊ द्यायचं. लयच तुंबलं तर टाकीतल्याच पान्यात नुसतं पिळायचं, बास.” आणि वीरधवल हसला होता. वाईट हसला नव्हता, मायेनंच, पण हसला होता. “रंगुबाई, पंचवीस वर्षं यंत्रंच धुतोय मी,” असं म्हणून गरम पाणी, धुण्याची पावडर आणि ब्रश घेऊन बसला. दोन तास गच्चीवर उन्हात वाळवलं. जोडलं. झाकणावर पाच बोटं हळदीची. रंगुबाईंनी माळ आणून दिली. ती घातलेला फिल्टर इतका छान दिसत होता, की त्यानं फोटो काढला. ऋषिराजला पाठवायचा राहून गेला. चौथा मासा मेला त्या दुपारी, कारखान्याच्या बाथरूममध्ये दार लावून, त्यानं तो फोटो पुसून टाकला होता.

आणि सातवा मेला त्या सकाळी क्रांतीनं, त्याच्या बायकोनं, विचारलं होतं. क्रांती शाळेत शिकवते, तिचा सूर विचारतानाही तपासल्यासारखा असतो. “रंगुबाई, फिनेलचा हात टाकीत घातला होता का?” रंगुबाई पोछा पिळत होत्या. त्यांनी क्रांतीकडं बघण्याआधी वीरधवलकडं बघितलं. ते बघणं फार तर दोन सेकंदांचं असेल. त्यात राग नव्हता. एखाद्यानं दार उघडावं म्हणून बाहेर उभं राहावं, तसं ते होतं. वीरधवलच्या हातात वर्तमानपत्र होतं. त्यानं पान उलटलं आणि म्हणाला, “घातला असेल चुकून.” त्यातला ‘चुकून’ त्यानं दया म्हणून घातला होता, हे त्याला नंतर कितीदा तरी आठवलं, आणि आठवलं की स्वतःचीच शिसारी यायची. रंगुबाईंनी पोछा बादलीत ठेवला, हात धुतले, काचेशी एकदा वाकून बघितलं आणि चप्पल घालून गेल्या. परत आल्या नाहीत. क्रांतीनं सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, कुणाचं नाव न घेता, की कामाच्या बायकांवर लक्ष ठेवा, आमचे सात मासे गेले. पण त्यांच्याकडं कामाला रंगुबाईच, हे इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं. खालच्या मजल्यावरच्या दोघींनीही त्यांना नको म्हणून सांगितलं. वडूजकडच्या कोरड्या माळावरून मेंढरं विकून आलेली ती बाई, नऊ वर्षं त्या तीन घरांवर उभी होती. उद्या सोमवारपासून क्रांतीनं नवी बाई ठरवली होती. उद्या नवी बाई आली की झालं, मग विषय संपला, मग खरं बोललं तरी ते उशिरा आलेल्या तारेसारखं. हे वीरधवलला पक्कं ठाऊक होतं. आज बोललं तर रंगुबाईंचं काम परत मिळतंय, उद्या नाही. आणि तो आज सकाळपासून बोलण्याऐवजी फिल्टर निवडत होता.

“दोन द्या,” तो म्हणाला. सिद्धूनं खोकी बांधायला घेतली, आणि बांधता बांधता थांबला. “पण साहेब, नवे डबे नेऊन आज काय उपयोग न्हाई. त्यात वस्ती बसायला महिना जाईल. तुमचा ऑस्कर महिना काढत न्हाई. चालू टाकीतला कळकट स्पंज पाहिजे, तो ह्यात घातला की लगेच काम सुरू. मी दिला असता, पण माझ्या टाक्यांत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग शिरलाय, औषध घातलंय. खोटं सांगून तुमच्या गळ्यात रोग घालायचा न्हाई मला. ओळखीत कुणाकडं जुनी टाकी हाय का? निदान सहा महिने चाललेली?” होती. सबंध सांगलीत त्याच्या ओळखीची एकच होती. ऋषिराज त्या चार दिवसांत रंगुबाईंचं माशांपुढं उभं राहणं बघून इतका खूश झाला होता, की जाताना आपली जुनी दोन फुटी टाकी, चार लाल मासे आणि एक साधा स्पंज त्यांना देऊन गेला होता. स्पंजात मोठ्या टाकीतलाच गाळ पिळून.

खोकी स्कूटरला बांधून तो निघाला, पण नदीकडं वळला आणि घाटाच्या पायऱ्यांशी उगाच थांबला. उन्हं अजून चढीच होती. कृष्णेत बायका गोधड्या धूत होत्या, एक म्हैस पाण्यात बसून होती. त्याला वसाहतीतली ती दुपार आठवली, जी त्यानं कुणाला कधी सांगितली नव्हती. तो बारा वर्षांचा, ऋषिराज तीन. आई दळण आणायला गेलेली. जमीन हलली, तिथं ती नेहमीच हलायची, पण त्या दिवशी मांडणीवरची भांडी खाली आली. वीरधवल धावत सुटला, अंगण ओलांडून मोकळ्यावर. भाऊ आत खाटेवर झोपलेला होता, हे त्याला मोकळ्यावर पोचल्यावर आठवलं, आणि आठवूनही तो परत गेला नाही. आई धावत आली, आत गेली, पोराला उचलून आणलं, भिंतीला तडासुद्धा नव्हता. “ह्याला सोडून आलास?” ती म्हणाली. वीरधवल म्हणाला, “लय हाका मारल्या. उठलाच न्हाई.” एकही हाक मारली नव्हती. पण ते वाक्य घरात राहिलं. त्याची गोष्ट झाली, मग गंमत झाली. ऋषिराज भूकंपातही झोपतो, असं सगळे म्हणू लागले. ऋषिराज स्वतः म्हणतो, पलटणीत सांगून हशा मिळवतो, बायकोला कौतुकानं सांगतो. छत्तीस वर्षं त्या माणसाला वाटतंय, आपल्याला कुणीतरी हाक मारली होती. वीरधवलनं स्कूटर सुरू केली. म्हैस पाण्यातच होती.

कुपवाडच्या वाटेवरच्या वस्तीत रंगुबाईंची खोली शोधायला त्याला तीनदा विचारावं लागलं. नऊ वर्षांत तो तिथं कधी गेला नव्हता. दारात त्यांचा नवरा धुळा काठी घेऊन बसला होता, त्याला दिसत कमी होतं. “कोन हाय?” त्यानं विचारलं. वीरधवल काय सांगावं म्हणून अडला, तोवर आतून आवाज आला, “आवं, दादा हायती. या, आत या.” खोलीत लोखंडी ट्रंकेवर ती टाकी होती, तिच्यात चार लाल मासे शांतपणे फिरत होते, आणि कोपऱ्यात तो स्पंज, काळाकुट्ट, बुडबुडे सोडत. पाणी इतकं नितळ होतं की वीरधवलनं नजर वळवली. रंगुबाईंनी बसायला सतरंजी टाकली, आणि पहिलं वाक्य विचारलं ते हे, “सुबेदार खातोय का?”

“नाही. तळाला पडून आहे.”

“आगं बया.” त्या ट्रंकेला टेकल्या. “आनि फिल्टर?”

“बंद पडला. नवे घेतलेत, पण दुकानदार म्हणतोय…” नऊ वर्षं ज्यांनी आपली फरशी पुसली, ज्यांच्या तोंडचा घास आपण काढला, त्यांच्याकडं आपण मागायला आलोय, आणि मागतोय काय, तर चिखल. पण रंगुबाईंनी त्याला पूर्ण बोलायची वेळच आणली नाही. त्यांनी पदर खोचला, हात धुतले, तीनदा, साबणाशिवाय. स्पंज अलगद वर काढला, विळीवर धरला आणि मधोमध कापला. काळं पाणी कोपरापर्यंत ओघळलं. “निम्मा तुमी न्या. निम्म्यावर माझी चार भागत्याल,” त्या म्हणाल्या, आणि दुधाच्या पिशवीत टाकीतलंच पाणी घेऊन त्यात तो अर्धा तुकडा ठेवून पिशवीला गाठ मारली. वीरधवल म्हणाला, “रंगुबाई, ते त्या दिवशी मी…” आणि थांबला. त्यांनी पिशवी त्याच्या हातात दिली. “बिगी बिगी जावा. ह्यातलं गुदमरतंय लगीच, असं धाकलं दादा म्हनायचं.” त्यानं मान हलवली आणि त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं याचीच लाज वाटली. दारापर्यंत आल्यावर त्यांनी मागून विचारलं, “दादा, बाईसायबांनी इचारलं कुठनं आनला, तर काय सांगशीला?” टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. “तुमच्याकडून आणला, असंच सांगेन,” वीरधवल म्हणाला. त्या म्हणाल्या, “बरं.”

सबंध वाटेत तो त्या उत्तरावर खूश होता. काही झालं तरी नाव घेणार, लपवणार नाही, हे त्याला चांगलंच मोठं वाटत होतं. घरी येऊन त्यानं डबे जोडले, नळ्या लावल्या, अर्धा स्पंज पहिल्या डब्यात बसवला, मोटर सुरू केली. पाणी आधी गढूळलं, मग हळूहळू फिरू लागलं. सुभेदाराचा कल्ला उघडमीट करत होता. क्रांती वह्या तपासता तपासता उठून आली, वाकून बघू लागली. “हा काळा तुकडा कुठून आणला?”

“रंगुबाईंकडून. त्यांच्या टाकीतला अर्धा कापून दिला.”

क्रांती सरळ उभी राहिली. मग तिचा चेहरा मवाळ झाला, आणि ती म्हणाली, “बघा, मनाला लागून राहिलं असेल त्यांच्या. म्हणून दिला असेल. चला, चूक कळली हे बरं झालं.”

वीरधवलचे हात ओले होते, नखांत काळं होतं. हे त्यानं धरलंच नव्हतं. त्यानं खरं सांगितलं होतं, आणि त्या खऱ्यानंच रंगुबाईंच्या गळ्यातलं खोटं घट्ट केलं होतं. आता गप्प बसलो की त्यांचा हा अर्धा स्पंजही त्यांच्याविरुद्धचा पुरावा होणार. त्याला त्या खाटेवरचं झोपलेलं पोर दिसलं. “क्रांती,” तो म्हणाला, “त्यांनी काही केलं नाही. फिल्टर मी धुतला. खंडेनवमीला, साबण लावून. त्या नको म्हणाल्या होत्या.”

क्रांती त्याच्याकडं वळली. तिचा लाल पेन उघडाच होता. “तुम्ही तिथंच बसला होता,” ती म्हणाली. “मी त्यांना विचारलं तेव्हा. पेपर वाचत.”

“हो.”

“आणि मी सगळ्यांना लिहिलं.” ती आत गेली. नव्या बाईला फोन करून उद्या येऊ नका म्हणून सांगताना तिचा आवाज ऐकू आला. मग बाहेर येऊन ती एवढंच म्हणाली, “ग्रुपवर तुम्ही लिहा. मी लिहिणार नाही.”

त्यानं लिहिलं. चार वेळा लिहून पुसलं. एकदा ‘गैरसमजातून’ आलं, एकदा ‘अनवधानाने’, दोन्ही काढले. शेवटी उरलं ते असं: ‘मासे माझ्या चुकीने मेले. फिल्टर मी साबणाने धुतला. रंगुबाईंनी नको म्हणून सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, आणि नंतर गप्प बसलो. त्यांचा काही दोष नाही.’ पाठवलं. खिडकीतून उन्हाची तिरीप टाकीच्या काचेवर आली होती. खालच्या मजल्यावरच्या एकीनं अंगठा पाठवला. दुसरीनं लिहिलं, ‘अरेरे, बिचाऱ्या, मी बोलावते त्यांना.’ कुणीतरी हात जोडले. वीरधवलच्या छातीवरचं काहीतरी उतरलं, आणि सुभेदारानंही शेपूट एकदा हलवल्यासारखं त्याला वाटलं. त्यानं परत तो मजकूर वाचला, कुणी कुणी बघितलाय ती नावं वाचली. वरपासून खालपर्यंत. सगळी घरं होती, चेअरमन होता, वॉचमनसुद्धा होता. ऋषिराजचा फोन वाजू लागला. वीरधवल अजून नावंच वाचत होता.

रंगुबाई त्या ग्रुपवर नव्हत्या. त्यांच्या खोलीत उभं राहून, त्यांच्या हातून स्पंज घेऊन, तो माफीचा एक शब्दही न बोलता आला होता. त्यानं फोन उचलून “ऋषी, तासाभरानं करतो, तुलाही सांगायचंय, माशांचं आणि एक जुनं” म्हटलं, आणि दारात जाऊन चपला शोधू लागला.